डिंगी शर्यती : हलसूर तलावापासून राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत

बेंगळुरू शहर समुद्रापासून सुमारे ३०० किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तरीही शिडाच्या लहान नौकांच्या शर्यतींत या शहराचे नाव आदराने घेतले जाते. शहराच्या मध्यवर्ती भागातील हलसूर तलाव आणि या तलावाच्या परिसरात मुख्यालय असलेला मद्रास इंजिनिअर ग्रुप हा लष्करी विभाग, ही त्यामागील दोन प्रमुख कारणे होत. सुमारे ५० हेक्टर क्षेत्राच्या या तलावात मुले प्रथम शीड हाताळावयास शिकतात आणि त्यांतील काही जण पुढे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेपर्यंत पोहोचतात. या शर्यतींचे स्वरूप, त्यांचा वार्षिक हंगाम, गुणांची पद्धत आणि या खेळापुढील अडचणी यांचा हा परिचय.

डिंगी म्हणजे काय?

मराठीत ‘नौकानयन’ हा एकच शब्द दोन भिन्न खेळांसाठी वापरला जात असल्याने वाचकांचा अनेकदा गोंधळ होतो. वल्ह्यांनी नौका चालविण्याचा खेळ म्हणजे रोइंग. नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भाग घेतला तो याच खेळात. वाऱ्याच्या बळावर शिडाची नौका चालविण्याचा खेळ म्हणजे सेलिंग किंवा यॉटिंग. त्यातही सागर परिक्रमेसारख्या मोहिमांत वापरली जाणारी मोठी नौका वेगळी आणि शर्यतीची लहान डिंगी वेगळी.

मोठ्या नौकेच्या तळाशी जड धातूचे वजन असते. त्यामुळे ती कलली तरी पुन्हा सरळ होते. डिंगीला असे वजन नसते. तिच्या मध्यभागातून पाण्यात सोडलेली एक फळी तिला आडवे घसरू देत नाही आणि खेळाडूच्या शरीराचा भार तिला उलटू देत नाही. वारा वाढला की खेळाडू नौकेच्या काठावर बसून, पाय आतील पट्ट्यात अडकवून, संपूर्ण धड पाण्यावर बाहेर झुकवितो. एका हातात सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्या हातात शिडाचा दोर, अशा अवस्थेत त्याला पाऊण ते एक तास काढावा लागतो. पोट आणि मांड्यांच्या स्नायूंची येथे कठोर परीक्षा होते. डिंगी उलटणे ही या खेळातील नित्याची बाब आहे. उलटलेल्या नौकेच्या फळीवर उभे राहून, शरीराच्या भाराने तिला सरळ करणे आणि पुन्हा शर्यतीत सामील होणे, हा शिक्षणाचा पहिलाच धडा असतो.

वाऱ्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेने कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेशी साधारणपणे ४५ अंशांचा कोन करूनच तिला पुढे सरकता येते. म्हणून वाऱ्याकडील बोयापर्यंत पोहोचण्यासाठी नौकांना नागमोडी मार्ग घ्यावा लागतो. कोणत्या बाजूने जावे आणि नेमके केव्हा वळावे, हा निर्णय प्रत्येक खेळाडूला स्वतः घ्यावा लागतो. शर्यतीचा निकाल बव्हंशी याच निर्णयांवर ठरतो.

‘क्लास’ची संकल्पना

या खेळात ‘क्लास’ या शब्दाला विशेष अर्थ आहे. एकाच आराखड्यानुसार, एकाच मापाच्या आणि एकाच वजनाच्या नौकांचा गट म्हणजे क्लास. अशा गटात महाग नौका विकत घेऊन वेग वाढविता येत नाही. जो प्रथम येतो तो आपल्या कौशल्याने येतो, हे या व्यवस्थेमागील तत्त्व आहे. प्रत्येक क्लासची स्वतंत्र संघटना असते आणि मापांचे नियम तीच सांभाळते. स्पर्धेपूर्वी शीड, डोलकाठी, सुकाणू आणि नौकेचा सांगाडा यांची तपासणी होते.

भारतात प्रचलित असलेल्या क्लासांपैकी काही महत्त्वाचे असे :

ऑप्टिमिस्ट : मुलांची नौका. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये हिचा आराखडा केला. लांबी सुमारे २.३ मीटर आणि सांगाड्याचे वजन ३५ किलो. वयाची पंधरा वर्षे पूर्ण होतात त्या वर्षापर्यंतच या क्लासच्या अधिकृत स्पर्धांत भाग घेता येतो.

आयएलसीए : पूर्वी ‘लेसर’ या नावाने प्रसिद्ध असलेली एका खेळाडूची नौका. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी १९७० च्या सुमारास तिचा आराखडा तयार केला. लांबी सुमारे ४.२ मीटर, सांगाड्याचे वजन सुमारे ५९ किलो. जगभरात अशा दोन लाखांहून अधिक नौका तयार झाल्या आहेत. नावाच्या व्यापारी हक्कावरून वाद झाल्यानंतर २०१९ मध्ये या क्लासने ‘आयएलसीए’ हे नाव स्वीकारले. एकाच सांगाड्यावर लहान, मध्यम किंवा मोठे शीड चढवून आयएलसीए ४, आयएलसीए ६ आणि आयएलसीए ७ असे तीन प्रकार होतात. त्यांच्या शिडांचे क्षेत्रफळ अनुक्रमे सुमारे ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटर असते. किशोरवयीन मुले पहिल्या प्रकारात, महिला व युवक दुसऱ्या प्रकारात आणि पुरुष तिसऱ्या प्रकारात उतरतात. १९९६ पासून या नौकेचा आणि २००८ पासून तिच्या महिलांसाठीच्या प्रकाराचा ऑलिंपिकमध्ये समावेश आहे.

एंटरप्राइज : दोन खेळाडूंची, निळ्या शिडांची नौका. ब्रिटनचे जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये तिचा आराखडा केला. भारतातील लष्करी व नागरी क्लबांत ती दीर्घकाळ लोकप्रिय राहिली आहे.

४२० आणि ४७० : दोन खेळाडूंच्या नौका. नावातील आकडा नौकेची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४७० ची शर्यत प्रथमच मिश्र, म्हणजे एक महिला व एक पुरुष अशा जोडीसाठी झाली.

या खेळाचा देशपातळीवरील कारभार १९६० मध्ये स्थापन झालेल्या यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. जागतिक पातळीवरील ‘वर्ल्ड सेलिंग’ ही संस्था १९०७ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. शर्यतीचे नियम हीच संस्था दर चार वर्षांनी सुधारून प्रसिद्ध करते. २०२५ ते २०२८ या काळासाठीचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

हंगामाची रचना

भारतातील सेलिंगचा हंगाम मॉन्सूनभोवती फिरतो. मुंबईत पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रावर डिंगी उतरविता येत नाही. जूनपूर्वी क्लब आपल्या नौका किनाऱ्यावर घेतात. कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरतात. डिंगीच्या शर्यती त्यानंतर, साधारणपणे ऑक्टोबरपासून सुरू होऊन उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत चालतात.

देशाच्या अंतर्भागात स्थिती उलट असते. पावसाळ्यात तलाव व धरणे भरू लागतात आणि नैऋत्य मॉन्सूनचा वारा बळकट असतो. हैदराबादच्या हुसेन सागर तलावावरील ‘हैदराबाद सेलिंग वीक’ ही स्पर्धा १९८० च्या दशकापासून पावसाळ्यातच भरत आली आहे. लष्कराच्या ईएमई विभागाची सेलिंग संघटना आणि देशातील लेसर क्लास संघटना यांनी ती रुजविली. त्याच तलावावर मुलांसाठी ‘मॉन्सून रेगाटा’ होते. अशा रीतीने एखादा गंभीर खेळाडू पावसाळ्यात तलावांवर आणि हिवाळ्यात समुद्रावर खेळतो, आणि त्याचा हंगाम जवळजवळ वर्षभर चालतो.

बेंगळुरूच्या खेळाडूंसाठी हलसूर ही प्राथमिक शाळा आहे. मोठ्या ताफ्याची शर्यत घेण्यास हे पाणी अपुरे पडते. लांब पल्ल्याच्या सरावासाठी कर्नाटकातील खेळाडू म्हैसूरजवळील कृष्णराजसागर जलाशयाकडे वळतात. कावेरी नदीवरील हे धरण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या देखरेखीखाली उभारण्यास प्रारंभ झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर प्रथम बसविण्यात आले होते. खडकवासल्याच्या जलाशयावरही आज राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या नौका चालविण्याचे शिक्षण घेतात. सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणांनी या खेळालाही पाणी दिले आहे.

तलाव आणि समुद्र यांतील फरक केवळ आकाराचा नसतो. समुद्रावरील वारा तुलनेने स्थिर असतो, पण लाटा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह यांचा विचार करावा लागतो. मुंबई बंदरात प्रवाहाचा अंदाज चुकला तर आघाडीची नौकाही बोयापासून वाहून दूर जाते. तलावावर प्रवाह नसतो, मात्र काठावरील झाडे व उंच इमारती यांमुळे वारा सतत दिशा व जोर बदलतो. हलसूरसारख्या तलावावर शिकलेल्या मुलांना वाऱ्याचा असा प्रत्येक बदल पाण्यावरील छटेवरून ओळखण्याची सवय लागते. लाटांवर नौका चालविण्याचे कौशल्य मात्र त्यांना नंतर समुद्रावर जाऊनच आत्मसात करावे लागते.

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा

प्रत्येक क्लासची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा स्वतंत्र असते. काही वेळा अनेक क्लासच्या स्पर्धा एकत्रही घेण्यात येतात. यजमान क्लब, क्लास संघटना आणि यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या समन्वयाने ती भरते. ती एका दिवसाची नसते. नोंदणी व मापांची तपासणी झाल्यावर चार ते सहा दिवस शर्यती चालतात आणि वारा अनुकूल असल्यास एका दिवसात दोन किंवा तीन शर्यती होतात. वारा फारच मंद असेल किंवा वादळी असेल तर शर्यत पुढे ढकलण्याचा अधिकार शर्यत समितीला असतो. संपूर्ण दिवस किनाऱ्यावर वाऱ्याची वाट पाहण्यात जाणे, हे या खेळात अपवादात्मक नाही.

शर्यतीचा प्रारंभ इतर खेळांपेक्षा वेगळा असतो. समितीची नौका आणि एक बोया यांमधील काल्पनिक रेषा ही प्रारंभरेषा. प्रारंभापूर्वी पाच मिनिटे क्लासचा ध्वज, चार मिनिटे तयारीचा ध्वज उभारला जातो. एक मिनिट उरले असता तयारीचा ध्वज उतरविला जातो. या काळात नौका थांबून राहत नाहीत. त्या रेषेमागे फिरत असतात. अंतिम क्षणी पूर्ण वेगात, पण रेषा न ओलांडता तेथे असणे हे खरे कसब. क्षणभर आधी रेषा ओलांडणाऱ्यास परत येऊन पुन्हा प्रारंभ करावा लागतो. काळा ध्वज उभारलेला असल्यास शेवटच्या मिनिटात रेषेपुढे आढळलेली नौका त्या शर्यतीतून थेट बाद होते.

गुणांचे गणित

डिंगी स्पर्धेतील गुणपद्धती क्रिकेट अथवा कबड्डीच्या नेमकी उलट आहे. येथे ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. प्रथम क्रमांकास १ गुण, द्वितीय क्रमांकास २ गुण, याप्रमाणे. जी नौका शर्यत पूर्ण करीत नाही किंवा बाद ठरते, तिला एकूण स्पर्धकसंख्येपेक्षा एक अधिक इतके गुण मिळतात. ठराविक संख्येने शर्यती पूर्ण झाल्यावर प्रत्येकाची सर्वांत वाईट कामगिरी वगळण्यात येते.

या पद्धतीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. ४० नौकांच्या ताफ्यात आठ शर्यती झाल्या, असे समजू. पहिल्या खेळाडूने चार शर्यती जिंकल्या. उरलेल्या चारपैकी एकीत तो बाद झाला आणि इतर तीन शर्यतींत बारावा, नववा व पंधरावा आला. बाद झाल्याचे ४१ गुण वगळले तरी त्याची बेरीज ४० होते. दुसऱ्या खेळाडूने एकही शर्यत जिंकली नाही. तो अनुक्रमे चौथा, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा, सहावा, तिसरा आणि पाचवा आला. सहाव्या क्रमांकाचे गुण वगळून त्याची बेरीज २६ होते आणि विजेतेपद त्याला मिळते. या खेळात एखाद्या दिवसाच्या पराक्रमापेक्षा सातत्य श्रेष्ठ मानले जाते, ते असे.

प्रत्यक्ष स्पर्धांतही या गणिताचा अनुभव येतो. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या नेहा ठाकूर हिने मुलींच्या आयएलसीए ४ प्रकारात रौप्यपदक मिळविले. अकरा शर्यतींत तिच्या गुणांची बेरीज ३२ झाली. तिची सर्वांत वाईट कामगिरी होती पाचवा क्रमांक. ते ५ गुण वगळून तिचे निव्वळ गुण २७ राहिले. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या आयएलसीए ७ प्रकारात मद्रास इंजिनिअर ग्रुपचे विष्णू सरवणन यांनी ३४ निव्वळ गुणांसह कांस्यपदक पटकावले. रौप्यपदक विजेत्या दक्षिण कोरियाच्या खेळाडूचे गुण ३३ होते. अनेक दिवस चाललेल्या स्पर्धेनंतर पदकाचा रंग अवघ्या एका गुणाने बदलला. एखाद्या शर्यतीत एका नौकेला मागे टाकता आले असते, तर निकाल वेगळा लागला असता.

पाण्यावरील नियम

डिंगी शर्यतीत प्रत्येक नौकेबरोबर पंच नसतो. नियमपालनाची पहिली जबाबदारी खेळाडूवरच असते. वारा उजवीकडून घेऊन जाणाऱ्या नौकेला प्राधान्य असते आणि वारा डावीकडून घेणाऱ्या नौकेने बाजूला व्हावे लागते, हा मूलभूत नियम. नियमभंग झाल्यास खेळाडूने स्वतःहून नौका दोन पूर्ण फेऱ्यांत फिरवून शिक्षा भोगावयाची असते. बोयाला नुसता स्पर्श झाल्यास एक फेरी. दोष मान्य नसल्यास प्रतिस्पर्धी त्याच वेळी मोठ्याने ‘प्रोटेस्ट’ असे पुकारतो आणि किनाऱ्यावर आल्यावर लेखी तक्रार दाखल करतो. त्यानंतर पंचमंडळापुढे न्यायालयाप्रमाणे सुनावणी होते. दोन्ही बाजू आणि साक्षीदार यांचे म्हणणे ऐकून निर्णय दिला जातो. दिवसाच्या शेवटी लागलेला निकाल सायंकाळच्या सुनावणीनंतर बदलणे शक्य असते.

नौका केवळ वारा व पाणी यांच्या बळावरच चालली पाहिजे, असाही नियम आहे. शीड वारंवार ओढून पंख्यासारखे हलविणे किंवा शरीर झुलवून नौका पुढे ढकलणे निषिद्ध आहे. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी पंच मोटरबोटीतून ताफ्यामागे फिरतात आणि पिवळा ध्वज दाखवून शिक्षा देतात.

नियमपुस्तकातील पहिला नियम मात्र शर्यत जिंकण्यासंबंधी नाही. संकटात सापडलेल्या व्यक्तीस शक्य ती सर्व मदत करणे प्रत्येक स्पर्धकावर बंधनकारक आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू हे एका शर्यतीत दुसऱ्या स्थानी असताना त्यांना समुद्रात पडलेले सिंगापूरचे दोन खेळाडू दिसले. शर्यत सोडून त्यांनी दोघांनाही वाचविले. पंचमंडळाने त्यांना त्या शर्यतीत दुसऱ्या स्थानाचे गुण दिले आणि त्यांचा विशेष पदकाने गौरव करण्यात आला.

लष्कराचे स्थान

भारतातील या खेळाचे प्रारंभीचे क्लब ब्रिटिश अमदानीतील होत. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ मध्ये आणि पुण्याचा रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ मध्ये स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर खेळाची सूत्रे मुख्यतः मुंबईतील नागरी खेळाडू, नौदल आणि लष्कराच्या तांत्रिक विभागांकडे आली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील सेलिंगच्या शर्यती मुंबईत झाल्या. तेथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोन खेळाडूंच्या डिंगी प्रकारात भारतासाठी सुवर्णपदक जिंकले.

लष्कराच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. भारतीय नौकेची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होती. बेंगळुरूच्या तृष्णा सेलिंग क्लबने हेच नाव धारण केले आहे. मद्रास इंजिनिअर ग्रुपशी संबंधित असलेल्या या क्लबमध्ये मुलांना ऑप्टिमिस्टपासून प्रशिक्षण देण्यात येते.

विष्णू सरवणन यांची वाटचाल लष्करी व्यवस्थेच्या या सामर्थ्याची साक्ष देते. २०१९ मध्ये क्रोएशियातील स्प्लिट येथे झालेल्या २१ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. टोकियो ऑलिंपिकमध्ये ते २० वे आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १८ वे आले. चेन्नईच्या नेत्रा कुमनन या सेलिंगमध्ये ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेल्या पहिल्या भारतीय महिला होत. टोकियोत ३५ व्या आलेल्या नेत्रा पॅरिसमध्ये २१ व्या आल्या. भोपाळच्या मोठ्या तलावावरील प्रशिक्षणातून नेहा ठाकूर आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील कांस्यपदक विजेती हर्षिता तोमर या खेळाडू पुढे आल्या. हैदराबादच्या यॉट क्लबने आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलामुलींना हुसेन सागरावर प्रशिक्षण देण्याचा उपक्रम राबविला आहे. बेंगळुरू, भोपाळ आणि हैदराबाद या तिन्ही शहरांना समुद्र नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

खर्च आणि पाणी

सर्वांच्या नौका सारख्या असल्या तरी सर्वांची संधी सारखी नसते. नव्या आयएलसीए नौकेची किंमत काही लाख रुपये असते. शीड कालांतराने सैल पडते व बदलावे लागते. नौका एका शहरातून दुसऱ्या शहरात नेणे, सुरक्षेसाठी मोटरबोट व इंधन, प्रशिक्षक आणि परदेशातील स्पर्धांचा प्रवास हा खर्च निराळा. सामान्य कुटुंबास तो परवडणारा नाही. म्हणूनच लष्कर, नौदल, राज्य शासनाची अकादमी किंवा एखादा उदार क्लब यांपैकी कोणाचा तरी आधार असल्याखेरीज खेळाडू घडत नाही. समान नौकांच्या शर्यतीत अखेरीस फरक पडतो तो पाण्यावर घालविलेल्या दिवसांचा. आणि ते दिवस कोणाला मिळतात, हे शर्यतीपूर्वीच बव्हंशी ठरलेले असते.

दुसरा प्रश्न पाण्याचाच आहे. मार्च २०१६ मध्ये हलसूर तलावात हजारो मासे मृतावस्थेत तरंगताना आढळले. तलावात मिसळणारे सांडपाणी आणि पाण्यातील घटलेला प्राणवायू यांकडे त्या वेळी लक्ष वेधले गेले. बेंगळुरूच्याच बेळ्ळंदूर तलावावर फेस साचून आग लागण्याचे प्रकार घडले. जानेवारी २०१८ मधील आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले होते. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी नौकेची फळी आणि सुकाणू यांत अडकते आणि नौका जागीच खिळते. त्याहून गंभीर बाब आरोग्याची. डिंगीचा खेळाडू सरावात अनेकदा पाण्यात पडतो. दहा वर्षांच्या मुलाला दूषित पाण्यात उतरू देण्यास पालक धजावत नाहीत, आणि हा खेळ ज्या वयात शिकावयाचा ते वय तर हेच असते.

शहरातील तलावांची निगा हा विषय सामान्यतः पिण्याचे पाणी, पूर आणि पर्यावरण यांच्या संदर्भात मांडला जातो. क्रीडाक्षेत्राचाही त्याच्याशी तितकाच निकटचा संबंध आहे. फुटबॉलचे मैदान नव्याने आखता येते. तलाव एकदा बुजला किंवा नासला की तो पूर्ववत होण्यास दशके लागतात. हांगझोऊ येथे पदक जिंकणाऱ्या नेहा ठाकूरसारख्या खेळाडूंचा प्रवास अशाच एखाद्या तलावावर, दोन-अडीच मीटर लांबीच्या ऑप्टिमिस्टपासून सुरू होतो. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत यापुढे किती शिडे उभी राहतील, हे हलसूर, हुसेन सागर आणि भोपाळचा मोठा तलाव यांचे पाणी किती स्वच्छ राहते, यावरही अवलंबून राहणार आहे.